विठ्ठलचा विठू, प्रकाशचा पक्या : हाकेच्या नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारशाला महिनाभर खपून नाव शोधतात, पत्रिका बघतात, आत्या बाळाच्या कानात ते सांगते, आणि आठवडा उलटायच्या आत घरातलं प्रत्येक माणूस बाळाला दुसऱ्याच नावाने हाक मारू लागतं. हे दुसरं नाव कुठून येतं? काही नावांची धाकटी रूपं इतकी ठरलेली का असतात, की दत्तात्रय म्हटलं की दत्तू आपोआप ओठांवर यावा? बरीच वर्षं मी अशी नावं ऐकली की टिपून ठेवतो. वही दाखवली की लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

टोपणनाव, लाडकं नाव, पाळण्यातलं नाव हे सगळं एकच का?

एक नाही. पाळण्यातलं नाव बारशाला ठेवतात. ते पुष्कळदा पत्रिकेतल्या अक्षरावरून येतं आणि मग कित्येकदा पत्रिकेतच राहतं. शाळेत, कागदोपत्री चालतं ते व्यवहारातलं नाव. घरात हाक मारतात ते लाडकं नाव, आणि मित्र जे चिकटवतात ते टोपणनाव. बोलताना आपण शेवटच्या दोन्हींना टोपणनावच म्हणतो. लेखक-कवी जे धारण करतात त्यालाही टोपणनाव म्हणायची पद्धत आहे, पण ते माणूस स्वतः निवडतो. वि. वा. शिरवाडकरांनी धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, नावावरून कुसुमाग्रज हे नाव घेतलं. हाकेचं नाव असं स्वतः घेता येत नाही, ते दुसऱ्याने द्यावं लागतं. खाली जे आहे ते या दुसऱ्याने दिलेल्या नावांबद्दल आहे.

विठ्ठलचा विठूच का होतो? विठ्ठ्या किंवा ठल्लू का नाही?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मराठी तोंड नाव छोटं करताना बहुतेक वेळा एकच रीत पाळतं. नावाच्या सुरुवातीपासून दुसऱ्या व्यंजनापर्यंत जायचं, तिथे कापायचं आणि ठरलेल्या दोन-तीन शेपटांपैकी एक लावायचं. गणेशमधलं गण् घेतलं, ऊ लावला, गणू झाला. सदाशिवचा सदू, दिनकरचा दिनू, मधुकरचा मधू, केशवचा केशू, मोरेश्वरचा मोरू. दत्तात्रयमधला जोड त तसाच राहून दत्तू होतो. विठ्ठलमधला जोड ठ मात्र एकेरी होतो, आणि विठू तयार. पांडुरंग आणि चंद्रकांत यांच्यात अनुस्वार आहे, तो टिकतो, म्हणून पांडू आणि चंदू. अनंतमध्ये मधला अ गळतो आणि अंतू होतो.

नाव जोडाक्षराने सुरू होत असेल तर पहिलं काम ते जोडाक्षर फोडण्याचं. प्रकाशचा प्रक्या कुणी म्हणत नाही, पक्या म्हणतात. प्रमोदचा पम्या, प्रवीणचा पव्या, प्रशांतचा पश्या. र तेवढा पडतो, प राहतो. हे कुणी शिकवलेलं नसतं. पहिलीतल्या पोराला नवा मित्र प्रमोद भेटला की चौथ्या दिवशी तो त्याला पम्या म्हणतो. त्याने आधी एकही पम्या पाहिलेला नसला तरी चालतं.

माझं म्हणणं इतकंच आहे की विठू, गणू, पक्या ही रूपं कुणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाहीत. आडाखा भाषेत आधीपासून आहे आणि नाव त्यात ओतलं की रूप बाहेर पडतं. मग शेकडो घरांत, शेकडो वर्षं तेच रूप बाहेर पडत राहिलं की ते त्या नावाला कायमचं जोडलं जातं.

गणू आणि गण्या यांत फरक काय?

हाक मारणाऱ्याचा. गणू आई म्हणते, आजी म्हणते, मोठी बहीण म्हणते. गण्या मित्र म्हणतो, नाहीतर चिडलेली आई. ऊ मध्ये माया आहे. वासरू, कोकरू, शिंगरू, करडू, लेकरू, पाखरू, पिल्लू, ही लहान जिवांची मराठी नावं एकापाठोपाठ एक म्हणून पाहा, सगळ्यांच्या शेवटी तोच ऊ. गणूतला ऊ त्यांचाच सोयरा असावा असं मला वाटतं. तो मुलगा-मुलगी बघत नाही. गणू मुलगा, गोदू मुलगी, शकू मुलगी, विनू मुलगा.

गण्यातला या मात्र पुरुषांचा आणि बरोबरीचा. सुरेशचा सुऱ्या, रमेशचा रम्या, सचिनचा सच्या, नितीनचा नित्या, मंगेशचा मंग्या. यात सलगी आहे, थोडी दांडगाई आहे, आणि अनोळखी माणसाने म्हटलं तर अपमान आहे. सुऱ्या लिहिताना तो विशेष ऱ वापरायचा, सूर्या लिहिलं तर माणूसच बदलतो.

मुलींच्या बाबतीत या च्या जागी ई येते. सुमनची सुमी, नलिनीची नली, सुशीलाची सुशी, वत्सलाची वच्छी. जुन्या पिढीत ही ई सर्रास होती. आता घरोघर ऊ वाढला आहे. वैशालीची वैशी क्वचित ऐकू येते, वैशू सगळीकडे.

एकाच नावाची शिडीही असते. रामचंद्र हा शाळेत राम्या, आईचा रामू, शेतावर रामा, भावकीत रामभाऊ, सोयऱ्यांत रामराव, आणि म्हातारपणी कुणीतरी अदबीने रामजी. माणूस एकच, पण कोण कुठे उभा राहून हाक मारतो आहे ते नाव सांगतं. लग्नाच्या बैठकीत नवरदेवाच्या मित्राने चुकून राम्या म्हटलं की सगळी बैठक हसते, ती याचमुळे.

विठोबा, ज्ञानोबा, तुकोबा यांतला बा कुठला?

बा म्हणजे बाप. देवाला, संताला, धन्याला बापाच्या जागी ठेवून केलेलं हे रूप आहे. विठोबा, खंडोबा, ज्ञानोबा, तुकोबा, गोरोबा, चोखोबा, शिवबा. आईच्या जागी ठेवायचं तर आई किंवा आऊ लागते, जशी मुक्ताई, जनाई, जिजाऊ. विठ्ठल तर दोन्हींकडे जातो. तो विठोबाही आहे आणि विठाईही. एकाच देवाला बाप आणि आई अशा दोन्ही रूपांत हाक मारायची सोय दोन प्रत्ययांनी करून दिली, हे मला फार मोठं वाटतं.

संतांनी स्वतःसाठी काय वापरलं तेही पाहण्यासारखं आहे. अभंगाच्या शेवटी तुकाराम महाराज स्वतःला तुका म्हणतात, नामदेव नामा, एकनाथ एका, चोखामेळा चोखा, जनाबाई जनी. घरातल्या धाकट्या माणसाला आपण ज्या रूपात हाक मारतो, तेच रूप देवापुढे उभं राहताना त्यांनी घेतलं. तुकोबा म्हणणारे आपण. ते स्वतः तुकाच राहिले.

ही रीत विसाव्या शतकातही जिवंत होती. विनायक नरहरी भावे यांना आई विन्या म्हणायची. 1916 साली ते गांधीजींच्या आश्रमात गेले आणि तिथे त्यांचं विनोबा झालं. विन्या आणि विनोबा ही दोन्ही रूपं विनायकचीच. मधलं अंतर आडाख्यातल्या दुसऱ्या शेपटाने पार केलं.

काही रूपं मूळ नावापासून खूप लांब गेलेली दिसतात. लक्ष्मणचा लखू, रुक्मिणीची रखमा, यशोदाची येसू. हे कसं?

लांब गेलेली नाहीत, ती जुन्या वाटेवर उभी आहेत. संस्कृतातला क्ष लोकांच्या बोलण्यात ख झाला. लक्षचं लाख झालं, क्षीरची खीर झाली. त्याच न्यायाने लक्ष्मण लखू झाला, लखमा झाला. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव, त्यांच्या नावातही तोच ख ऐकू येतो. रुक्मिणीतला क्म असाच ढिला होऊन रखमा, रखुमाई आली. महादेवचा म्हादू होतो, म्हादबा होतो. ज्ञानेश्वरांच्या नावाचा गजर दिंडीत ग्यानबा असाच होतो. यशोदाची येसू हे रूप सावरकरांच्या घरात प्रसिद्ध आहे. थोरले भाऊ बाबाराव यांच्या पत्नी यशोदाबाई धाकट्या दिरांसाठी येसूवहिनी होत्या.

पुस्तकी नाव देवळातून, पोथीतून आलं आणि घरातल्या बोलीने ते आपल्या ओठांना बसेल असं घडवलं. म्हणून हाकेच्या नावात बोलीचा जुना थर टिकतो. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांची हाकेची नावं लिहून घेतली तर शब्दकोशात नसलेले उच्चार हाती लागतात.

मग नाना, तात्या, अण्णा, अप्पा कुठल्या नावांची रूपं आहेत?

कुठल्याच नाहीत. इथेच लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. विठू हा विठ्ठलमधून निघतो, तात्या मात्र माणसाच्या घरातल्या जागेवरून निघतो. अण्णा, दादा, भाऊ, नाना, तात्या, अप्पा, आबा, बापू, माई, ताई, अक्का, ही सगळी नात्याची आणि मानाची नावं आहेत. ती कुठल्याही नावावर बसतात.

नुसते अण्णाच घ्या. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचं नाव बळवंत. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचं धोंडो. रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर अण्णा म्हणजे भाऊराव पाटील. अण्णा भाऊ साठे यांचं जन्मनाव तुकाराम. अण्णा हजारे यांचं किसन. पाच अण्णा, पाच वेगळी नावं. तात्या टोपे हे रामचंद्र पांडुरंग, आणि विनायक दामोदर सावरकरही तात्याच.

कधी दोन्ही रीती एकत्र येतात. रघुनाथरावाचा राघोबा झाला तो नावातून, त्यावर दादा बसला तो नात्यातून, आणि इतिहासात राघोबादादा राहिला.

पण मग बाळाजी म्हटलं की नाना, असं का दिसतं?

छान निरीक्षण आहे, आणि याच्यामागे एक खरं कारण आहे असं मला वाटतं.

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपल्याकडे जुनी चाल. पण सासऱ्याचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही, हीही तितकीच जुनी चाल. मग पोटच्या पोराला, ज्याचं नाव सासऱ्याचंच आहे, आईने हाक कशी मारायची? दुसरं नाव लागणारच. बाळ, नाना, भाऊ, अप्पा, बंडू, काहीही.

आता पेशव्यांकडे पाहा. बाळाजी विश्वनाथ 1720 च्या एप्रिलमध्ये वारले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाजीरावांना मुलगा झाला, त्याचं नाव बाळाजी ठेवलं आणि तो नानासाहेब म्हणून ओळखला गेला. नाना फडणवीसांचं नाव बाळाजी जनार्दन भानू, आणि त्यांच्या आजोबांचं नाव बाळाजी महादजी भानू. दोन्ही घरांत आजोबा बाळाजी, नातू बाळाजी, आणि नातवाची हाक नाना. बाळाजी आणि नाना यांच्यात आवाजाचं काहीच नातं नाही. जोडलं ते घरातल्या संकोचाने.

माझ्या आजीच्या सासऱ्यांचं नाव मधल्या चुलतभावाला ठेवलं होतं. तिने त्याला शेवटपर्यंत बाळ म्हटलं. तो साठीचा झाला, निवृत्त झाला, तरी बाळच. नवऱ्याचं नाव तर ती उखाण्यातच घ्यायची. त्या पिढीतल्या बायकांच्या तोंडून निम्म्या घराला टोपणनावं मिळाली, आणि त्याची नोंद कुठेही नाही याचं मला वाईट वाटतं.

बायकांच्या नावांबाबत वेगळं काही घडतं का?

घडतं, आणि ते सुखाचं नाही. लग्नात नाव बदललं की माहेरचं लाडकं नाव मागे पडायचं. झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका, हाक मनू. लग्नानंतर त्या लक्ष्मीबाई झाल्या. मनू हे लक्ष्मीचं रूप नाही, म्हणून पुढे ते फक्त आठवणीत राहिलं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना, म्हणजे यमू. रमाबाई रानडे याही माहेरी यमुना. आनंदीबाई कर्वे माहेरी गोदावरी, म्हणजे गोदू, आणि सासरी बाया. जी बाई माहेरपणाला आली की परत यमू व्हायची, तिच्यासाठी ती हाक म्हणजे माहेरच होतं.

नद्यांच्या नावांची ही रूपं, गोदू, यमू, भागीरथीची भागू, आता जवळजवळ संपली. नावंच ठेवत नाहीत, तर रूपं कुठून उरणार? पार्वतीची पारू अजून कुठे कुठे ऐकू येते.

नावाशी आवाजाचा संबंध नसूनही जोडलेलं असं आणखी काही आहे का?

आहे, आणि त्यातलं एक फार सुंदर आहे. ज्ञानेश्वर नावाच्या माणसाला गावोगाव माउली म्हणतात. एसटीचा कंडक्टर असो, ट्रॅक्टरवाला असो, नाव ज्ञानेश्वर असलं की माउली. ही हाक वारीतून आली. आळंदीच्या ज्ञानेश्वरांना वारकरी माउली म्हणतात, आणि त्यांच्या नावाचा जो कुणी असेल त्याच्यावरही ती माया उतरते. म्हणजे एका थोर माणसाची पदवी त्याच्या नावाच्या सगळ्यांना वारशाने मिळते.

उलटंही होतं. पांडू हे पांडुरंगचं साधं, गोड रूप. 1975 साली दादा कोंडके यांचा पांडू हवालदार आला आणि त्यानंतर पांडू म्हणजे पोलीस असा अर्थ बोलीत रुजला. ज्या घरात पांडुरंग होता तिथे आईने पांडू म्हणायचं सोडलं नाही, पण बाहेर त्या हाकेला वेगळा वास लागला. दादा कोंडके यांचं स्वतःचं नाव कृष्णा होतं, हेही इथे सांगून टाकतो.

वर्गात सगळे आडनावानेच हाक मारतात, ते का?

कारण वर्गात तीन सचिन असतात. हाकेच्या नावाचं पहिलं काम माणूस ओळखू येणं हे आहे. सच्या म्हटल्यावर तिघं वळून बघत असतील तर ते नाव निरुपयोगी. मग आडनावाला तोच आडाखा लावतात. जोश्या, कुळ्या, पाटल्या. सचिन तेंडुलकरला मैदानावरच्या मराठी प्रेक्षकांनी तेंडल्या केलं ते याच चालीवर. सुनील गावसकरचा सनी मात्र नावातूनच आला, शेपूट तेवढं इंग्रजी. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या अस्सल मराठी.

गावात वेगळी सोय असते. चार रामा असले तर वरच्या आळीतला रामा, विहिरीवरचा रामा, पैलवान रामा. पुढे रामा गळतो आणि पैलवानच उरतो. त्याची मुलंही पैलवानाची पोरं होतात.

इतर भाषांतही असंच होतं का?

होतं, आडाखे मात्र ज्याचे त्याचे. इंग्रजीत रॉबर्टचा रॉब झाला आणि यमक जुळवून बॉब झाला. रिचर्डचा रिक, त्याचा डिक. विल्यमचा विल, त्याचा बिल. मार्गारेटची मेग, तिची पेग. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मोजक्याच नावांची माणसं गावोगाव भरलेली होती. एकाच आळीत पाच रॉबर्ट असले की रॉब, हॉब, डॉब, बॉब अशी वेगवेगळी रूपं लागतात. म्हणजे आपल्या तीन सचिनांचीच गोष्ट. रशियनमध्ये अलेक्सांद्रचा साशा होतो, स्पॅनिशमध्ये होसेचा पेपे आणि फ्रान्सिस्कोचा पाको.

मला जास्त ओढ आहे ती परकी नावं मराठी आडाख्यात शिरली त्या ठिकाणांची. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, समाजाची नावं हिब्रू, पण बोली मराठी. मुंबईत 1796 साली पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे आपल्या लोकांत समाजी हसाजी दिवेकर होते. सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी. ऐकताना येसाजी-तानाजीच्या ओळीतली नावं वाटतात. गोव्यात पोर्तुगीज नावं कोंकणी ओठांवर अशीच बदलली आणि जुजे, जुवांव, पेद्रू झाली. आणि आता परदेशातल्या मराठी मुलांचं उलट चाललं आहे. अभिजितचा अभी घरात, एबी शाळेत. संदीपचा सँडी तर पुण्यातच झाला होता.

दगडू, धोंडू, भिकू ही टोपणनावं आहेत का?

बहुतेकदा नाहीत, ती ठेवलेली नावं आहेत. आधीची मुलं दगावली की पुढच्याला नजर लागू नये, काळाने त्याच्याकडे बघू नये म्हणून दगड, धोंडा, भीक, केर यांवरून नाव ठेवायचे. त्या नावात आईबापांची धास्ती आहे, त्याला हसू नये.

नकुशी हे नाव मात्र वेगळं. मुलगाच हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ती नको अशी. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. रोज हाक मारताना कुणी तुम्हाला नकोशी म्हणत असेल, तर काय होत असेल याचा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

चिकटलेलं नको असलेलं नाव सुटतं का?

रंगावरून, अंगावरून, तोतरेपणावरून पाडलेलं नाव सुटायला कठीण, कारण ते सोडणं त्या माणसाच्या हातात नसतं. ते फक्त हाक मारणाऱ्यांनाच सोडता येतं. माझ्या पाहण्यात जे सुटले ते दोन प्रकारे. एक गाव बदलून. दुसरं, एखाद्या वजनदार माणसाने, शाळेतल्या सरांनी किंवा तालमीतल्या वस्तादाने, सगळ्यांसमोर मुद्दाम दुसरं चांगलं नाव उच्चारून. वस्तादांनी दोनदा गणपतराव म्हटलं की तालमीतली पोरं तिसऱ्या दिवशी तेच म्हणतात. आईवडिलांनी समजूत घालत बसण्यापेक्षा असा माणूस गाठावा.

हाकेचं नाव कागदोपत्री लागलं तर?

हे नेहमी घडतं. पूर्वी मुलाला शाळेत घालायला आजोबा जायचे, मास्तर नाव विचारायचे आणि आजोबा हाकेचं नाव सांगायचे. त्याचं सर्वांत मोठं उदाहरण साताऱ्याच्या शाळेत आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद झाली ती भिवा रामजी आंबेडकर अशी. भिवा हे भीमरावांचं घरातलं रूप. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

काही हाका तर आता सरळ ठेवलेली नावंच झाल्या आहेत. बाळासाहेब, भाऊसाहेब, अण्णासाहेब, बापू, बबन ही नावं आधार कार्डावर पैशाला पासरी सापडतील. जन्मतःच बाळासाहेब असलेल्या पोराला मग घरात बाळ्या म्हणतात, आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

दोन नावांमुळे कागद अडला तर उर्फ कामी येतं, पण प्रतिज्ञापत्र करावं लागतं. नाव कायमचं बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावं लागतं. जन्मनोंद नावाशिवाय झालेली असेल तर पहिल्या वर्षात शुल्काशिवाय आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव घालता येतं. तेवढ्यात घाई करून बाळाचं नाव सोनू लिहून येऊ नका एवढीच विनंती.

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत मात्र दोन्ही नावं छापावीच. कै. दत्तात्रय उर्फ नाना असं नसेल तर निम्म्या गावाला कळतच नाही कोण गेलं.

नव्या नावांना अशी ठरलेली रूपं आहेत का?

आर्या, रिया, विहान, अशी दोन-तीन अक्षरी नावं आली तेव्हा कापायला फारसं काही उरलं नाही. शिवाय रूप जोडलं जायला त्या नावाची पुष्कळ माणसं आणि एक-दोन पिढ्या लागतात. म्हणून या मुलांची हाकेची नावं नावाबाहेरून येतात. चिकू, पिल्लू, माऊ, बबडू. पण एक गंमत आहे. यांच्या शेवटी तोच ऊ आहे. आणि शाळेत गेला की विहानचा विह्या झालेला मी स्वतः ऐकला आहे.

आमच्या घरात आजोबांना बच्चू म्हणत. त्याचं मूळ कसं शोधू?

घरातल्या सगळ्यात थोरल्या आत्याकडे जा, काकांकडे नको. पुरुषांना ठरलेली उत्तरं येतात, आत्यांना प्रसंग आठवतात. कोण पहिल्यांदा म्हणालं, आजोबांना कुणाचं नाव ठेवलं होतं, ते नाव घरात कुणाला घेता येत नव्हतं, एवढे तीन प्रश्न विचारा. नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीत पूर्वजांची नावं मिळतात. ती हाताशी असली की आजोबांना पणजोबांचं नाव होतं का ते ताबडतोब समजतं.

मग जुनी पत्रं काढा. वरच्या पत्त्यावर नाव पूर्ण असतं, रा. रा. आणि यांस लावून, पोस्टमनसाठी. आत पहिल्या ओळीत मात्र चि. बच्चूस अनेक आशीर्वाद असं लिहिलेलं असतं, आणि खाली सहीच्या जागी तुझी आई एवढंच.